कन्स्ट्रक्टरच्या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत

जावा शिकणाऱ्यांकडून कन्स्ट्रक्टर लिहिताना होणाऱ्या चुका निष्काळजीपणातून होतात, व्याख्या नीट पाठ केली आणि चार प्रोग्रॅम जास्त लिहिले की त्या आपोआप जातात, असे सर्रास सांगितले जाते. कॉलेजात हेच सांगतात, खासगी क्लासात हेच सांगतात, आणि नोकरीत स्थिरावलेले सीनियरही नव्याला हेच ऐकवतात. हे निदान चुकीचे आहे. निष्काळजीपणाची चूक कुठेही होते. आज अर्धविराम सुटतो, उद्या कंस. कन्स्ट्रक्टरच्या चुका मात्र ठरावीक पाच-सहा जागीच होतात. बॅच बदलली तरी त्या जागा बदलत नाहीत, आणि हुशार, मेहनती मुलेही त्यांतून सुटत नाहीत. या चुका म्हणजे शिकवलेल्या गोष्टींतून मुलांनी काढलेले सरळ निष्कर्ष आहेत. निष्कर्ष काढण्यात मुले चुकत नाहीत, ज्यावरून तो काढला तेच चुकीचे असते.

महाराष्ट्रात हा विषय कोणत्या क्रमाने समोर येतो ते आधी पाहिले पाहिजे. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्स या द्विलक्षी विषयात कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर हा भाग वर्षानुवर्षे सी प्लस प्लसमधून शिकवला गेला. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेत तिसऱ्या सत्राला सी प्लस प्लस आणि चौथ्याला जावा असा क्रम आहे. मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ च्या बीएस्सी आयटी अभ्यासक्रमातही सी प्लस प्लस दुसऱ्या सत्रात आणि कोअर जावा चौथ्या सत्रात होते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या तानसाकाठच्या गावांतून भिवंडीला, विरारला किंवा ठाण्याला शिकायला जाणारा विद्यार्थी जावापर्यंत पोहोचतो तेव्हा ‘कन्स्ट्रक्टर झालेला’ असतो. मग जावाच्या तासाला त्यावर दहा मिनिटे पुरतात, कारण ‘सी प्लस प्लससारखंच आहे’ एवढे म्हटले की पुढे सरकता येते. लिहिण्याची पद्धत खरोखर तशीच आहे. वागणूक तशी नाही, आणि ती नेमकी कुठे वेगळी आहे हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येची. परीक्षेसाठी लिहून दिलेली व्याख्या साधारण अशी असते: क्लासच्याच नावाची, रिटर्न टाइप नसलेली, ऑब्जेक्ट तयार करणारी खास मेथड म्हणजे कन्स्ट्रक्टर. त्याखाली तीन प्रकार येतात: डिफॉल्ट, पॅरामीटराइज्ड आणि कॉपी. या व्याख्येतले ‘मेथड’ आणि ‘तयार करणारी’ हे दोन्ही शब्द जावापुरते खोटे आहेत. जावाच्या अधिकृत भाषा-नियमांनुसार कन्स्ट्रक्टर हा क्लासचा सदस्य नाही आणि तो वारशाने सबक्लासकडे जात नाही. मेथड सदस्य असते आणि जाते. ऑब्जेक्ट तयार होतो तो ‘न्यू’मुळे. कंपायलरने बनवलेला बाइटकोड उघडून पाहिला तर ही कामे वेगवेगळ्या सूचनांत वाटलेली दिसतात. पहिली सूचना मेमरीत जागा घेते आणि सगळ्या फील्डांत शून्य, फॉल्स किंवा नल भरते. त्यानंतर वेगळ्या सूचनेने कन्स्ट्रक्टर चालतो, आणि त्याचे काम आधीच जागा मिळालेल्या त्या ऑब्जेक्टला वापरण्याजोग्या स्थितीत आणण्याचे असते. म्हणजे कन्स्ट्रक्टर ही एक हमी आहे: या क्लासचा अर्धवट ऑब्जेक्ट कुणाच्या हाती पडणार नाही. ही हमी कुठेच शिकवली जात नाही, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिच्याच अभावातून होतात.

एक उदाहरण जवळून पाहू. वज्रेश्वरी परिसरातल्या गरम पाण्याच्या कुंडांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा आहे. जावात क्लासचे आणि फील्डचे नाव देवनागरीत देता येते, तेव्हा क्लासचे नाव ‘कुंड’, फील्ड दोन: नाव आणि तापमान. विद्यार्थी क्लासचे नाव अनुस्वार देऊन ‘कुंड’ असे लिहितो आणि आत कन्स्ट्रक्टर लिहिताना जोडाक्षराने ‘कुण्ड()’ असे लिहितो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. जावा मात्र नावे अक्षर-अक्षर ताडून पाहते, तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची हीच चूक पहिले अक्षर कॅपिटल न केल्यामुळे होते. कंपायलरचा संदेश येतो: मेथडची घोषणा अवैध आहे, रिटर्न टाइप हवा. कन्स्ट्रक्टरचे नाव क्लासशी जुळत नाही, असे तो कुठेही म्हणत नाही. रिटर्न टाइप नसलेली आणि क्लासच्या नावाशी न जुळणारी गोष्ट म्हणजे अर्धवट लिहिलेली मेथड, असा त्याचा समज होतो.

इथे विद्यार्थी काय करतो? संदेशात जे मागितले ते देतो. पुढे ‘व्हॉइड’ लिहितो. एरर जाते. कंपायलरने सांगितले तसे केले आणि प्रोग्रॅम चालला, यात निष्काळजीपणा कुठे आहे? उलट त्याने संदेश लक्षपूर्वक वाचला. नंतर स्पेलिंग सुधारून ‘व्हॉइड कुंड()’ असे केले तरी एरर येत नाही, कारण क्लासच्याच नावाची मेथड लिहायला जावात पूर्ण परवानगी आहे. आता क्लासमध्ये कन्स्ट्रक्टर एकही नाही, म्हणून कंपायलर स्वतःचा रिकामा कन्स्ट्रक्टर घालतो, ‘न्यू कुंड()’ त्याला बोलावते, आणि आत सूर्यकुंडाचे नाव व तापमान भरणाऱ्या ओळी कधी चालतच नाहीत. आउटपुट येते: नाव नल, तापमान ०.०.

सी प्लस प्लसमध्ये हीच चूक झाली असती तर कंपायलरने तिथेच अडवले असते. त्या भाषेत कन्स्ट्रक्टरला रिटर्न टाइप देणे हीच एरर आहे. तिथे फील्डला किंमत द्यायची राहून गेली तर बऱ्याचदा विचित्र, निरर्थक आकडा छापला जातो आणि काहीतरी बिघडले हे निदान डोळ्यांना दिसते. जावा शून्य देते. इथल्या कुंडांचे पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर असते, त्यामुळे शून्य अंश हे यांतल्या एकाही कुंडाचे तापमान असू शकत नाही. पण प्रोग्रॅमच्या लेखी ती वैध किंमत आहे. सरासरी काढली तर तीही निघते, फक्त चुकीची निघते. ‘सी प्लस प्लससारखंच’ या तीन शब्दांची किंमत अशी मोजावी लागते.

पॅरामीटर असलेल्या कन्स्ट्रक्टरला ‘व्हॉइड’ लागले तर गोष्ट जरा वेगळी होते. ‘न्यू कुंड(नाव, तापमान)’ असे लिहिले की कंपायलर तक्रार करतो: या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला एकही आर्ग्युमेंट नको आहे, तुम्ही दोन दिली आहेत. विद्यार्थी गोंधळतो, कारण समोर दोन पॅरामीटरचा ‘कन्स्ट्रक्टर’ लिहिलेला त्याला दिसत असतो. मग तो आर्ग्युमेंटे काढून टाकतो. पुन्हा ०.०.

पुढची चूक पॅरामीटरला फील्डचेच नाव देण्याची. आत ‘तापमान = तापमान’ लिहिले जाते. डावीकडचेही पॅरामीटर, उजवीकडचेही पॅरामीटर. फील्डला कोणी हात लावत नाही. उपाय म्हणून ‘धिस.तापमान = तापमान’ असे पाठ करायला सांगतात. ‘धिस’ म्हणजे काय, तर ‘करंट ऑब्जेक्ट’, एवढ्यावर स्पष्टीकरण संपते. कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट तयार करतो असे आधी सांगितलेले असल्यामुळे, जो अजून तयार व्हायचा आहे तो ‘करंट’ कसा, हा प्रश्न विचारी विद्यार्थ्याला पडतो. प्रश्न अगदी योग्य आहे. ऑब्जेक्टची जागा आधी घेतली जाते, कन्स्ट्रक्टर नंतर चालतो, हे माहीत असेल तर तो पडत नाही. शिवाय ही चूक कंपायलरकडून पकडून घेण्याचा एक मार्ग आहे, आणि तो पहिल्या आठवड्यातच दाखवायला हवा: फील्ड ‘फायनल’ करावे. मग ‘तापमान = तापमान’ लिहिले की फील्डला किंमत मिळालीच नसल्याचे कंपायलर सांगतो आणि प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. आपल्याकडे ‘फायनल’ हा विषय मात्र वारसा शिकवून झाल्यावर, बदल रोखणारा कीवर्ड म्हणून, दोन गुणांच्या प्रश्नासाठी येतो.

सी प्लस प्लसमधून आलेल्या समजुतींचा खरा गठ्ठा यापुढे आहे. त्या भाषेत ‘कुंड क;’ एवढे लिहिले की ऑब्जेक्ट अस्तित्वात येतो आणि कन्स्ट्रक्टर चालतो. जावात याच ओळीने फक्त एक संदर्भ जाहीर होतो. ऑब्जेक्ट नाही, कन्स्ट्रक्टर नाही. एकट्या ऑब्जेक्टच्या बाबतीत कंपायलर बहुधा अडवतो. ॲरेच्या बाबतीत अडवत नाही. सी प्लस प्लसमध्ये सात कुंडांचा ॲरे केला की कन्स्ट्रक्टर सात वेळा चालतो. जावात ‘न्यू कुंड[७]’ लिहिल्यावर तो एकदाही चालत नाही. सात रिकाम्या जागा मिळतात आणि प्रत्येकीत नल असतो. पहिल्या कुंडाचे तापमान भरायला गेले की नल पॉइंटर एक्सेप्शन. ज्याने आधीची भाषा चांगली आत्मसात केली त्याचीच ही चूक आधी होते. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत हा एक्सेप्शन कोणती जागा नल होती ते नाव घेऊन सांगतो, त्यामुळे शोधाशोध कमी झाली आहे. चूक का झाली ते त्यातूनही कळत नाही. ‘न्यू’ या एकाच शब्दाने ॲरे बनवणे आणि ऑब्जेक्ट बनवणे ही दोन वेगळी कामे होतात, हे तोंडाने सांगावेच लागते.

प्रकारांच्या यादीतला ‘कॉपी कन्स्ट्रक्टर’ तर जावात भाषेने दिलेला प्रकारच नाही. सी प्लस प्लसमध्ये तो कंपायलर स्वतः देतो. ऑब्जेक्ट फंक्शनला किंमत म्हणून पाठवला, किंवा एका ऑब्जेक्टवरून दुसरा घोषित केला, की तो आपोआप चालतो. जावात यांपैकी काहीच होत नाही. आपल्याच क्लासचा ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून घेणारा कन्स्ट्रक्टर कोणीही लिहू शकतो, पण तो स्वतः लिहावा लागतो आणि ‘न्यू’ने बोलवावा लागतो. यादी पाठ केलेला विद्यार्थी ‘कुंड दुसरे = पहिले’ असे लिहितो आणि प्रत निघाली असे समजतो. दुसऱ्याचे नाव अग्निकुंड केले की पहिल्याचेही अग्निकुंड होते, कारण ऑब्जेक्ट एकच आहे आणि त्याच्याकडे दोन संदर्भ बोट दाखवतात. परीक्षेत तीन प्रकार लिहिल्याबद्दल मिळालेले गुण इथे कामाला येत नाहीत. याच यादीशेजारी येणारा डिस्ट्रक्टरही जावात नाही. त्याच्या जागी म्हणून सांगितली जाणारी ‘फायनलाइज’ मेथड २०१७ मध्येच वापरातून बाद ठरवली गेली आणि २०२२ पासून ती भाषेतून काढून टाकण्याच्या यादीत आहे.

‘डिफॉल्ट’ या नावाने तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. विद्यार्थी स्वतः लिहितो तो पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर, आणि क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर नसेल तेव्हाच कंपायलर घालतो तो. जावाच्या नियमांत डिफॉल्ट हे नाव फक्त दुसऱ्याला आहे. दोघांना एकच नाव दिल्यामुळे ‘डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर कायम असतोच’ अशी समजूत होते. मग दोन पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लिहिला की आधी चालणारे ‘न्यू कुंड()’ एकदम बंद पडते. वारशात याचा फटका आणखी कोड्यात टाकणारा असतो: सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये काही चूक दिसत नाही, पण त्याने ‘सुपर’ला स्पष्ट बोलावले नसल्यामुळे कंपायलर न दिसणारे ‘सुपर()’ घालतो, आणि वरच्या क्लासमध्ये तसा कन्स्ट्रक्टर आता नसतो. एरर अशा ओळीमुळे येते जी विद्यार्थ्याने लिहिलेलीच नाही.

यावर सगळीकडे दिला जाणारा उपाय म्हणजे ‘एक रिकामा कन्स्ट्रक्टर टाकून दे’. या उपायाला ठाम विरोध झाला पाहिजे. कंपायलर बरोबर सांगत होता: या क्लासला नाव आणि तापमान दिल्याशिवाय ऑब्जेक्ट देता येणार नाही. रिकामा कन्स्ट्रक्टर टाकून ती अट मोडली जाते आणि बिननावाचे, शून्य अंशांचे कुंड कायदेशीर होते. एरर घालवण्यासाठी हमी काढून टाकण्याची सवय इथे लागते, आणि पुढे नोकरीत ती जात नाही.

यावर अनुभवी लोकांचा एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. उद्योगातल्या फ्रेमवर्कांना रिकामा कन्स्ट्रक्टर लागतोच. जावाच्या डेटाबेस-जोडणीचे मानक, म्हणजे जेपीए, प्रत्येक एंटिटी क्लासला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर असावा असे सांगते, आणि हायबरनेट त्यावरच चालते. मग विद्यार्थ्याला त्याची सवय लावली तर बिघडले कुठे? उत्तर त्याच मानकात आहे. तो कन्स्ट्रक्टर पब्लिक असलाच पाहिजे असे मानक म्हणत नाही, प्रोटेक्टेड चालतो. फ्रेमवर्कला दार उघडे राहते आणि दुसऱ्या पॅकेजातल्या कोणालाही सहज ‘न्यू’ करता येत नाही. भिवंडी तालुका आज गोदामांसाठी ओळखला जातो. अशा गोदामातल्या मालाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘खेप’ या क्लासला पब्लिक रिकामा कन्स्ट्रक्टर असेल, तर वजन शून्य आणि मालक नल अशी खेप डेटाबेसात जायला एक विसरलेली ओळ पुरते. ती खेप त्या क्षणी एरर देत नाही. ती बिल काढताना सापडते, आणि तोवर ती कोणत्या ओळीने बनवली याचा माग उरलेला नसतो. मालक नल असेल किंवा वजन शून्याहून जास्त नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्येच एक्सेप्शन फेकला, तर चूक जन्मतःच आणि आपल्या जागीच पकडली जाते. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजत नाही असे मानण्याचे कारण नाही. दोन ओळींचा ‘इफ’ त्याला येतो.

स्टॅटिकची चूक मुळात कन्स्ट्रक्टरची नाही, पण तिची फळे कन्स्ट्रक्टरमध्ये दिसतात. ‘मेन’मधून फील्ड थेट वापरायला गेले की एरर येते: नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाही. विद्यार्थी फील्डापुढे ‘स्टॅटिक’ लिहितो आणि एरर जाते. मग सूर्यकुंड ४८ अंशांचे आणि अग्निकुंड ५२ अंशांचे असे दोन ऑब्जेक्ट केले, छापले, तर दोन्ही वेळा अग्निकुंड, ५२. कन्स्ट्रक्टर दोनदा बरोबर चालला, पण दोन्ही वेळा त्याने एकाच सामायिक जागेवर लिहिले. इथेही संदेश वाचून केलेली दुरुस्तीच गोत्यात आणते. ऑब्जेक्टची स्वतःची स्थिती आणि क्लासची सामायिक स्थिती यांतला फरक कन्स्ट्रक्टरच्या आधी शिकवला असता तर ही दुरुस्ती सुचलीच नसती.

सर्वात खोल चूक वारशाची, आणि तिच्यात दोन भाषा पूर्ण उलट वागतात. वरच्या ‘जलाशय’ क्लासचा कन्स्ट्रक्टर शेवटी ‘माहिती छापा’ ही मेथड बोलावतो. ‘गरमकुंड’ हा सबक्लास ती मेथड ओव्हरराइड करून स्वतःच्या ‘गाव’ या साध्या फील्डची किंमत छापतो, आणि त्या फील्डला जागेवरच ‘अकलोली’ अशी किंमत दिलेली आहे. सी प्लस प्लसमध्ये वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालू असताना वरचीच मेथड चालते, जरी ती व्हर्च्युअल असली तरी. जावात सबक्लासची चालते. पण सबक्लासच्या फील्डांना किंमती मिळतात त्या ‘सुपर’चा कन्स्ट्रक्टर संपल्यावर. म्हणून छापले जाते नल. ‘अकलोली’ समोर लिहिलेले आहे, फायनल नसलेल्या साध्या फील्डात लिहिलेले आहे, आणि आउटपुट नल. पाठ केलेली व्याख्या कितीही वेळा म्हटली तरी हा नल तिच्यातून उलगडत नाही. क्रम माहीत असेल तर एका मिनिटात उलगडतो: आधी सगळ्या फील्डांत शून्य किंवा नल, मग ‘सुपर’चा कन्स्ट्रक्टर, मग आपल्या फील्डांच्या किंमती आणि इनिशियलायझर ब्लॉक लिहिलेल्या क्रमाने, आणि शेवटी आपल्या कन्स्ट्रक्टरच्या बाकीच्या ओळी. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ने, ज्याची पहिली आवृत्ती २००१ ची, कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नये असे स्पष्ट बजावले आहे. पाव शतकापूर्वीचा हा इशारा वर्गातल्या नोट्सपर्यंत अजून आलेला नाही.

‘एवढे कशाला, कंपायलर चुका दाखवतोच’ असे म्हणणाऱ्यांना वरच्या उदाहरणांतच उत्तर आहे. व्हॉइड लागलेला रिकामा कन्स्ट्रक्टर, स्वतःलाच दिलेली किंमत, नलचा ॲरे, एकाच ऑब्जेक्टचे दोन संदर्भ, स्टॅटिक फील्ड, ओव्हरराइड झालेली मेथड: यांतल्या एकालाही जावाचा कंपायलर एरर देत नाही. एक्लिप्ससारखी साधने पहिल्या दोन ठिकाणी पिवळी सूचना देतात, पण प्रयोगशाळेत अजूनही नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्टवर जावा शिकवली जाते, आणि तिथे काहीच दिसत नाही.

‘आता कन्स्ट्रक्टर हाताने लिहितो कोण’ हा दुसरा युक्तिवाद. आयडीई बटण दाबून लिहून देते, लॉम्बॉक ही लायब्ररी एका ॲनोटेशनवर बनवते, एआय विचारल्यावर पानभर देते. साधने चांगली आहेत, वापरावीतच. पण लॉम्बॉक सगळ्या फील्डांचा कन्स्ट्रक्टर बनवते तेव्हा पॅरामीटरचा क्रम फील्ड लिहिण्याच्या क्रमावरून ठरतो. ‘नाव’ आणि ‘गाव’ दोन्ही स्ट्रिंग. कोणी सहज म्हणून त्या दोन ओळींची अदलाबदल केली, की आधीचे सगळे ‘न्यू’ तसेच कंपाइल होतात आणि अकलोली नावाचे कुंड सूर्यकुंड नावाच्या गावात जाते. साधनाने बनवलेला कन्स्ट्रक्टर कोणती हमी देतो हे तपासायला वापरणाऱ्यालाच येत असले पाहिजे.

तिसरा युक्तिवाद नियमांचा: धिस किंवा सुपर पहिल्या ओळीत, कन्स्ट्रक्टर स्टॅटिक नसतो, फायनल नसतो, ॲबस्ट्रॅक्ट नसतो, हे पाठ असले की झाले. नियम पाठ असण्यात वावगे काही नाही, पण नियम बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून ‘सुपर’च्या आधीही ओळी लिहिता येतात, फक्त त्या ओळींनी अपुरा ऑब्जेक्ट वापरायचा नाही. पॅरामीटर तिथे तपासता येतात, आणि स्वतःच्या क्लासच्या ज्या फील्डांना जागेवर किंमत दिलेली नाही त्यांना तिथेच किंमत देता येते. म्हणजे वरच्या उदाहरणात ‘गाव’ची किंमत जागेवर न देता ‘सुपर’च्या आधी दिली तर नलऐवजी ‘अकलोली’ छापले जाईल. पहिल्या ओळीचा नियम निव्वळ पाठ केलेल्याला हा बदल मनमानी वाटेल. अर्धवट ऑब्जेक्ट बाहेर जाऊ नये यासाठीच तो नियम होता हे ज्याला माहीत आहे, त्याला बदलामागचा हेतूही तोच दिसेल. २०२१ च्या जावा १६ मध्ये कायम झालेल्या ‘रेकॉर्ड’ या क्लास-प्रकाराच्या आटोपशीर कन्स्ट्रक्टरचेही तेच: पॅरामीटरची यादी पुन्हा लिहायची नाही, ‘धिस’ लिहायचे नाही, फक्त किंमती तपासायच्या, फील्ड भाषा भरते. ‘धिस.नाव = नाव’ विसरण्याची आणि व्हॉइडची, अशा दोन्ही चुकांना तिथे वाव उरत नाही. नव्या विद्यार्थ्याला पहिला क्लास रेकॉर्ड म्हणून शिकवण्यात काहीच अडचण नाही.

शिक्षकांची बाजू इथे नोंदवली पाहिजे. अभ्यासक्रम ते ठरवत नाहीत, सत्रात आठवडे मोजके असतात, आणि प्रश्नपत्रिका व्याख्या व प्रकार विचारते तोवर व्याख्या व प्रकार शिकवणे त्यांना भागच आहे. म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून सुरू व्हावा लागेल. ‘कन्स्ट्रक्टरची व्याख्या द्या, प्रकार लिहा’ याऐवजी ‘व्हॉइड कुंड()’ असलेला दहा ओळींचा प्रोग्रॅम द्यावा आणि आउटपुट ०.० का आले ते विचारावे. जावाच्या पेपरात सी प्लस प्लसशी तुलना विचारायची असेल तर सात कुंडांच्या ॲरेची विचारावी: कोणत्या भाषेत कन्स्ट्रक्टर किती वेळा चालला, आणि का. प्रात्यक्षिकात चालू स्थितीतला प्रोग्रॅम देऊन त्यातून अर्धवट ऑब्जेक्ट बनवून दाखवायला सांगावे, आणि मग तो बनू नये अशी दुरुस्ती करायला सांगावे. यासाठी नवे पुस्तक लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. गुण तेवढेच ठेवता येतात.